दिवेविझव्यांची लेक

रहमतुल्ला मणियाराच्या हातून बांगडी फुटली, असं चौसाळ्याच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नव्हतं. बाईचा हात कितीही आखडलेला असो, हा बाबा तिचं मनगट धरी आणि आधी विचारी, "माहेर कुठलं, माय?" ती गाव सांगे. मग हा त्या गावाला पडलेलं नाव हळूच बाहेर काढी.

आता आपल्या मुलखात नाव ठेवलं नाही असं गाव आहे का, तुम्हीच सांगा. नगरकडचे, इंग्रजी अंमलातले लोक निजामाच्या मुलखातल्या आपल्या सगळ्यांनाच 'मोगलाईतले' म्हणून नाकं मुरडायचे. आपण तरी कुठं कमी? गोदाकाठच्या गंगथडीच्यांना म्हणायचं चिखलतुडवे, घाटावरच्यांना दगडखाये. आणि घाटावरच्या खडकवाडीला तर दिवेविझवे. का, तर वेशीत पाहुणा दिसला की खडकवाडीकर दिवा विझवून निजल्याचं सोंग घेतात. खरं-खोटं देव जाणे. नाव मात्र गोचिडासारखं चिकटलं ते चिकटलंच.

"चिखलतुडव्यांची लेक व्हय तू? मंग हात धुतला का न्हाई?" रहमतुल्ला म्हणे. बाई खुदकन हसे, हात सैल पडे, तेवढ्यात बांगडी आत. सासरच्या रगाड्यात माहेरचं नाव चेष्टेनं का होईना कुणीतरी काढलं, याचंच त्या बायांना अप्रूप. बायकांच्या मनाची या माणसाला होती तेवढी पारख त्यांच्या नवऱ्यांना असती, तर पुष्कळ घरं सुखी झाली असती.

पण एकदा ही युक्ती त्याच्याच अंगलट आली.

केसरबाईच्या सुनेला, भामाला, सातवा महिना लागला होता. ओटी भरायची म्हणून हिरव्या बांगड्यांसाठी रहमतुल्लाला बोलावणं गेलं. ओसरीवर बाया जमल्या होत्या. भामानं हात पुढं केला आणि खाली मान घालून खडकवाडीचं नाव सांगितलं. रहमतुल्ला सवयीनं बोलून गेला, "दिवेविझव्यांची लेक व्हय?"

भामा हसली नाही. तिची मूठ आवळली आणि अर्ध्यावर आलेली बांगडी कट्कन गेली. मनगटावर रक्ताचा थेंब आला. ओटीच्या दिवशी असं झालेलं कुणाला रुचणार?

"फुटली म्हणू नगा बायांनो, वाढली म्हणा, वाढली," एक म्हातारी घाईघाईनं म्हणाली.

"बरोबर बोललास रहमतुल्ला," केसरबाई म्हणाली. "बाप न्यायला येत न्हाई, आन् लेकीला नावाचा राग येतोय."

मग त्याच्या ध्यानात आलं, आपण कुठं पाय दिला ते. भामाच्या लग्नाच्या पंगतीत केसरबाईनं सगळ्यांसमोर व्याह्याला हेच नाव ठेवलं होतं. भामाचा बाप, आप्पा, भरल्या पानावरून उठला. केसरबाईनं स्वतः बोलावल्याशिवाय हा उंबरा चढणार नाही म्हणाला. केसरबाई म्हणाली, यावं, हात जोडावे आणि लेक न्यावी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. पण दोघंही हट्टाला पेटलेले, आणि मधल्यामधी ही पोर आईसाठी झुरत होती.

रहमतुल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं आपल्या रुमालानं तिचं रक्त पुसलं आणि तो हात सोडलाच नाही.

"केसरआक्का," तो म्हणाला, "हे नाव कावून पडलं, ठाऊक हाय का?"

"चिकट हायती म्हणून."

"न्हाई. मोठा दुकाळ पडलता तवाची गोष्ट हाय. दिवेलागणीला खडकवाडीत एका दारी परका माणूस आला. भुकेनं पाय वढत. घरात भाकर एकच. घरधनी बायकोला बोलला, दिवा घालव. अंधारात भाकर पाहुण्याला वाढली. आन् नवरा-बायको मोकळ्या ताटात हात फिरवीत, तोंड वाजवीत बसले. पाहुण्याला वाटलं, समदेच जेवतायत. पोटभर जेवला. तवापासून ते दिवेविझवे."

केसरबाईनं विचारलं, "पाहुणा कुठला व्हता?"

"चौसाळ्याकडचा व्हता म्हणत्यात."

आता खरं सांगायचं तर ही गोष्ट त्यानं लहानपणी मशिदीत ऐकली होती, कुठल्या लांबच्या मुलखातल्या माणसांची. खडकवाडीचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण केसरबाईचा आवाज उतरला.

"माझा बाप त्या दुकाळात घाटावर गेलता," ती म्हणाली. "कुणीतरी जेवू घातलं म्हणून जित्ता आला. घर कुणाचं, ते त्याला बी सांगता आलं न्हाई." पदरानं तोंड पुसून ती उठली. "आप्पाला सांगावा दे. म्हणावं, केसरबाईनं बोलावलंय."

तेव्हा कुठं बायांचं लक्ष गेलं. भामाचा हात कोपराकडे हिरवागार भरला होता.

रहमतुल्ला पुढची गावं सोडून तडक घाट चढला. सगळं ऐकून आप्पा म्हणाला, "आमच्या गावातली गोष्ट ही? म्या तर कधी आयकली न्हाई."

"आता आयकली न्हवं? बैल जुंपा."

आप्पानं त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि बैल जुंपले. चौसाळ्यात केसरबाईनं दारात त्याच्या पायावर पाणी घातलं, समोर बसून वाढलं. माफीचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही, तसली बाईच नव्हे ती. पण आप्पा पान पुसून जेवला आणि लेकीला गाडीत घालून घेऊन गेला. भामाला मुलगी झाली, आईच्या हातावर.

पुढं कैक वर्षांनी त्याच ओसरीवर त्या मुलीचा लग्नचुडा भरायला रहमतुल्लाच आला. दाढी पार पांढरी झालेली. त्या दिवसापासून त्यानं कुठल्याच लेकीला गावाच्या नावानं चिडवलं नव्हतं. मुकाट्यानं त्यानं पोरीचा हात धरला.

"चाचा, माझं आजोळ इचारा की," पोरगी म्हणाली.

"कुठलं गं?"

"दिवेविझव्यांचं." मान ताठ करून तिनं सांगितलं, आणि त्याला काही माहीत नाही असं समजून अख्खी गोष्ट सांगायला बसली. भाकर ज्वारीची होती. घरधनी तिच्या आप्पांचा आजा होता. ते ताट अजून खडकवाडीत फळीवर आहे, तिनं डोळ्यांनी पाहिलंय.

"आसं?" रहमतुल्ला म्हणाला. "मंग पुढं काय झालं?"

ती सांगत राहिली, तो बांगड्या सरकवत राहिला. दोन्ही हात भरले तरी तिची गोष्ट संपली नव्हती.