मामांच्या उशाशी शिलाई मशीन

मामांच्या उशाशी ठेवलेल्या टॅबलेटचा आवाज मीच बंद केला. रुमालाने काच पुसायला गेलो, कडेचं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावरची मामी एकदम मुकी झाली. तिच्या लग्नानंतर हे प्रथमच घडत होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण समोर भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं. म्हटलं, दवाखान्याचा नियम असेल.

मामा टेलर. निम्म्या गावाच्या पोटांचे घेर त्यांना तोंडपाठ. भर रस्त्यात गिऱ्हाइकाला थांबवून, "शेठ, विजार उसवून घ्या, नाहीतर ती आपणहून उसवेल," असं सांगणारा माणूस. दुकानात मामा कापड बेतायचे आणि मामी मशीन चालवायची. कात्रीवरची नजर न हलवता ते ओरडायचे, "अगं, बॉबिन संपली! हवा शिवतेस का?" खालचा दोरा संपला की मशीनचा आवाज पोकळ होतो म्हणे. आम्हाला तो फरक कधी कळला नाही. मामीलाही नाही, आणि कळला असता तरी तिने कबूल केलं नसतं.

तेच मामा आता ऑक्सिजनचा मास्क लावून डोळे मिटून पडले होते. कालपासून हाकेला ओ नाही. "संध्याकाळपर्यंत प्रतिसाद नाही मिळाला, तर घशात नळी घालावी लागेल," डॉक्टर सांगून गेले होते. मामीला खोकला, म्हणून तिला दारातूनच परत पाठवलेलं. घरच्यांना भेटायला राहिला तो हा वॉर्डातला टॅबलेट, आणि तोही माझ्या हातात!

सलाईन बदलायला आलेल्या नर्सबाई थबकल्या. "अहो, आवाज कोणी बंद केला? त्या बिचाऱ्या मघापासून बोलतायत!"

मी घाईघाईने कडेचं बटण चाचपलं. आवाज वाढवला, तर मामी कडाडली, "मेल्या, तू नुसता मख्खासारखा बघतोयस! मला वाटलं, संपलं सगळं!" मग आवाज एकदम खाली आला. "अहो, मी मशीन चालवते हं. तुम्ही नुसतं ऐका."

मशीन खडखडू लागलं. मामीचं लक्ष कापडाकडे नव्हतंच; ती पडद्यातून मामांचा चेहरा न्याहाळत होती. मी एकदा मामांकडे, एकदा दाराकडे बघत होतो. बाहेर डॉक्टरांचे बूट वाजले, की माझ्याच घशात नळी गेल्यासारखं व्हायचं. मामांची पापणी हलली असं वाटलं, पण ती पंख्याची सावली निघाली. मशीन चालूच.

आणि मामांच्या कपाळाला आठी पडली. बोटं चादरीवर आपटू लागली. नर्सबाईंनी मास्क जरासा उचलला. मी कानाशी वाकलो.

"मामा, मी आलोय! कुठे दुखतंय का? मामीला काय सांगू?"

"तिची बॉबिन संपलीय, गाढवा."