मधला प्लग

माझे वडील वीरण्णा गाडी चालवतात तेव्हा त्यांचं तोंड किंचित उघडं असतं, लहान मुलांचं गोष्ट ऐकताना असतं तसं. अहमदपूरच्या मोंढ्यात त्यांनी जन्मभर सरकी-पेंडीचं दुकान चालवलं, पण दुकानात ते कधी पूर्ण हजर नव्हते. गिऱ्हाईक पेंड मागायचं आणि अप्पा विचारायचे, "आज आभाळ बघितलं का?" दुकान चाललं ते अव्वामुळे, म्हणजे माझी आई महानंदा हिच्यामुळे. अप्पा खरे रमले ते आमच्या जुन्या व्हॅनमध्ये. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. थंडीत तिथं बसलं की खालून ऊब येते, म्हणून अव्वा कुठंही जायचं तर तीच जागा धरून ठेवते.

मागच्या श्रावणात अप्पांना हृदयाचा झटका आला. शेजारच्या गुंडप्पाकाकांनी त्यांना ह्याच व्हॅनमधून लातूरला आणलं. मी लातूरच्या एका दवाखान्यात ईसीजी काढते. त्या दिवशी स्वतःच्या बापाचा काढला. आत नेताना त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग उतरवलं गेलं. आम्हा लिंगायतांत ते लहानपणापासून गळ्यात असतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं. अप्पांनी बरं झाल्यावर ते परत घातलंच नाही. "एकदा उतरलं ते उतरलं," म्हणाले. पूजा बंद, तीर्थ बंद. अव्वा तीर्थाची वाटी पुढं करायची आणि अप्पा म्हणायचे, "मला गोळ्या हायत." अव्वा भांडली, रडली, मग गप्प झाली. अव्वा गप्प झाली की मला जास्त भीती वाटते.

गाडी चालवायला मात्र डॉक्टरांनी पुढं परवानगी दिली, फक्त जड उचलायचं नाही असं बजावून. यंदा दसऱ्यानंतर दोघं कंधारला एका बारशाला गेले. परत येताना चढावर एकदम हिसका बसला. अप्पांनी छातीवर हात ठेवला. अव्वानं विचारलं, "काय झालं वो?" तर म्हणाले, "खड्डा होता." घरी आल्यावर मागच्या दारात जाऊन त्यांनी मला फोन केला.

"अंजू, कोण चुकलं तेच कळंना. ती का मी?"

"म्हणजे?"

"ठोका चुकला. पर गाडीचा का माझा, न्हाई सांगता येत."

मी फोनवरच तोंड सोडलं, आणि पुढच्या बसनं अहमदपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांकडं नेऊन ईसीजी काढवला. पट्टी स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, आता सगळं ठीक आहे, पण त्या क्षणी काय झालं ते ह्या कागदावर कसं दिसणार? हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज मीच लोकांना सांगते.

म्हणजे विचारायला आता फक्त व्हॅन उरली होती.

मी अट घातली. गाडीत दोष निघाला तर दुरुस्त करा आणि खुशाल फिरा. नाही निघाला तर किल्ली माझ्या पर्समध्ये, कायमची. गाडी गेली तर हा माणूस खिडकीत बसून विरघळून जाईल हे मला माहीत होतं. तरी अट घातली. अव्वाला शेजारी बसवून रस्त्यात काही झालं असतं तर? अप्पांनी वाद घातला नाही. "हाव," एवढंच म्हणाले.

दुपारी अव्वा गुंडप्पाकाकांकडं शेवया करायला गेली आणि आम्ही दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. त्यांतून उन्हाच्या बारीक काड्या खाली उतरत होत्या आणि त्यात सरकीचा धुरळा तरंगत होता. लहानपणी मी इथं पोत्यांवर झोपायचे आणि अप्पा शेजारी पडून त्या काड्या मोजायचे. कधी संपल्या नाहीत. त्या दिवशीही ते आधी वरच बघत उभे राहिले. मीच म्हटलं, "अप्पा, आपण गाडीसाठी आलोय."

धूर बाहेर जावा म्हणून व्हॅनची मागची बाजू शेडबाहेर ठेवली होती. अप्पांनी चावी फिरवली.

गाडी सुरू झाली आणि झऱ्यासारखी चालू लागली. कुठं अडखळ नाही, हिसका नाही. अप्पा स्टिअरिंगवर तळहात ठेवून ऐकत राहिले. त्यांचं तोंड मिटलं होतं. मला दोष हवा होता हो! दवाखान्यात रोज देवाकडं दोष नसू दे म्हणून मागणारी मी, तिथं एका खटारा गाडीत दोष निघू दे म्हणून जीव मुठीत धरून बसले होते.

"बेस चालून राहिली," अप्पा हळूच म्हणाले आणि चावी काढून माझ्यापुढं धरली.

मी घेतली नाही. म्हटलं, "चढावर चुकली ना? इथं कुठं चढ आहे?"

ते हसले. "खरं हाय की. भार पडल्याबिगर ती कशाला बोलंल?"

आम्ही काचांना पोती लावून आत अंधार केला. मी सीट वर उचलली, त्यांना उचलू दिली नाही. अप्पांनी मला समजावलं की इंजिनात तीन प्लग असतात, प्रत्येकाला तारेतून वीज जाते, आणि ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी वाटेतच बाहेर पळाली तर गाडी मिसिंग करते, म्हणजे ठोका चुकवते. पळणारी ठिणगी अंधारात दिसते. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि मला ॲक्सिलेटर झटक्यानं दाबायला सांगितला.

इंजिन गुरगुरलं आणि मधल्या प्लगच्या टोपीजवळ एक निळा धागा लवलवला. पुन्हा दाबलं, पुन्हा लवलवला. गाडी अडखळली. अंधारात, पेंडीच्या वासात, त्या निळ्या उजेडात मला अप्पांचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं.

"ती हाय!" ते ओरडले. "अंजू, ती हाय, मी न्हाई!"

मला रडू आलं. मी रडले, त्यात लपवायचं काय?

खात्री करायला मला ॲक्सिलेटर दाबत ठेवायला लावून त्यांनी रबरी हातमोजे घालून एकेक तार काढून पाहिली. बाकीच्या दोन काढल्या की इंजिन लगेच कण्हायचं. मधली काढली तर आवाजात फारसा फरक नाही. मग गाडी बंद करून, गार झाल्यावर, त्यांनी मधली टोपी उपटली. आत पांढरट, चिकट खपली बसली होती. ह्या खपलीवरूनच ठिणगी बाहेर घसरत होती. अप्पांनी ती नखानं खरवडली, बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

"काय आहे?"

"दूध. मध." मग पुन्हा बोटांकडं बघून, "भस्म."

बाजूच्या खाचेत बेलाचं एक वाळकं पान अडकलेलं होतं. फार वर्षांपूर्वी अप्पांनीच अव्वाला थट्टेनं सांगितलं होतं की हिच्या इंजिनाची तीन घरं म्हणजे बेलाची तीन पानं, ही महादेवाचीच गाडी. अव्वानं ते खरं मानून ठेवलं असणार. मागच्या श्रावणापासून अप्पांच्या लिंगाची पूजा अव्वाच करते, हे मला ठाऊक होतं. ते तीर्थ कुठं जातं, हे मी कधी विचारलं नव्हतं. सोमवारी अप्पा आंघोळीला गेले की ती शेडमध्ये येऊन सीट उचलत असणार. जड उचलायची बंदी असल्यानं दवाखान्यातून आल्यापासून अप्पांनी सीट उचललीच नव्हती, मग त्यांना दिसणार कसं?

मी तरातरा निघाले. "थांबा, अव्वाला चांगली सांगते. रस्त्यात जीव गेला असता दोघांचा!"

अप्पांनी माझा हात धरला. "कायबी सांगायचं न्हाई."

"मग ती परत ओतेल."

"बघतो मी," ते म्हणाले. त्यांनी प्लग घासला, खोक्यातून दुसरी तार आणि टोपी काढून बसवली आणि संध्याकाळी मला घेऊन त्याच चढापर्यंत जाऊन आले. गाडी एकदाही अडखळली नाही. येताना त्यांनी आभाळाकडं बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी मी बॅग भरत होते. अव्वा पूजा आटोपून वाटी पदराखाली धरून मागच्या दारानं निघाली. शेडच्या दारात अप्पा उभे होते, आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून. अव्वा चोरी पकडल्यासारखी थबकली.

अप्पांनी उजवा तळहात पुढं केला. "गाडीला काहून देतीस? मला दे."

"तुम्ही घेत न्हाई," अव्वा म्हणाली. "तुमच्या वाटचं सांडावं कुठं मी? ती तुम्हाला घेऊन गेली, घेऊन आली. ती कधी न्हाई म्हणत न्हाई."

"आता मीबी न्हाई म्हणणार न्हाई."

अव्वानं वाटी तिरकी केली. अप्पांच्या तळहाताखाली तिनं आपला दुसरा हात लावला. अप्पांनी तीर्थ घेतलं, ओला हात डोळ्यांना लावला.

पदरानं तोंड पुसत अव्वानं विचारलं, "मग त्या दिवशी चढावर काय झालतं वो?"

"सांगितलं ना," अप्पा म्हणाले, "खड्डा होता."