वन्सांचं मौन

वन्स गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचं शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांचा मुलगा महेश धरमतरच्या खाडीकाठच्या आमच्या गावाहून बोलत होता. "मामी, आय गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "किती वाजता?" तसं विचारायची काही गरज नव्हती, पण छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईच्या तोंडून आधी वेळच बाहेर पडते. चहा पिऊन ओटीवर बसल्या होत्या, शेजारणीला हाक मारली आणि हाक अर्धीच राहिली, असं तो सांगत होता. मी पेणच्या स्टँडवरून मिळेल ती गाडी पकडली. वडखळ येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आता ते मला कोण सांगणार... माणूस गेल्याचं दुःख आधी व्हायला हवं होतं. लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

पद्मीबाई ही ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्स म्हणायची आणि त्या मला वयनी. आई लवकर गेली म्हणून धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, मिठागरात राबून त्याला शिकवलं आणि त्याला रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा सगळ्या गावाला पेढे वाटले. मिठानं त्यांचे तळहात असे झाले होते की भाकरी उलटायला त्यांना उलथनं लागत नसे. आवाज खणखणीत. बोलायला लागल्या की समोरच्यानं फक्त हूं हूं करायचं. शिवाय राईचा पर्वत करायची सवय. गावी गेलेल्या भावाला साधी सर्दी झाली तरी "वयनी, त्याचा काय खरा नाय" असा निरोप यायचा आणि मी शाळेतून धावत तिकडे गेले की हे अंगणात बसून कलिंगड खात असायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी ठरवून टाकलं की वन्सांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं. आमचं भांडण कधी झालं नाही. पण मला त्यांचा गलबला सोसत नसे आणि त्यांना माझी शिस्त समजत नसे. शिस्त कसली, ताठाच होता तो.

बारा वर्षांपूर्वी मार्चमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पेणमध्ये दवाखान्यात ठेवलं होतं. वन्स गावाहून पिशवी घेऊन आल्या आणि खाटेशेजारी बसल्या त्या उठल्याच नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. बोर्डाची परीक्षा चालू होती, माझी सुपरव्हिजन होती, मी गेले. दुपारी पावणेतीनला परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. वन्स भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प होत्या. निरोप वेळेवर मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. लोक हळहळले. पण शेवटच्या घटकेला नवऱ्याजवळ मी नव्हते, त्या होत्या, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. हे शेवटी काय बोलले, काही विचारलं का, हे त्यांनाच ठाऊक होतं. मी विचारलं नाही. आपल्याच नवऱ्याबद्दल नणंदेला विचारायचं, हे मला कमीपणाचं वाटलं. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. गणपतीला, होळीला भेटत राहिलो. एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिलो.

यंदा माघात वन्स एकाएकी माझ्या दारात उभ्या राहिल्या. पायाच्या भेगांवर औषध घ्यायला त्या एका ख्रिस्ती सिस्टरच्या दवाखान्यात जात असत. त्या सिस्टरनं सांगितलं होतं की रोह्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमचा मठ आहे. तिथं तीन दिवस येऊन राहायचं, कुणाशी बोलायचं नाही, प्रार्थना करायची नाहीतर नुसतं बसायचं, कुठल्याही धर्माचं माणूस चालतं. वन्सांना ते फार आवडलं होतं. "माझ्यासंगं चल," त्या म्हणाल्या. "तिथं पाट्या लावल्यान. मना कुठं वाचता येतंय." मला हसूच आलं. तीन दिवसांचं मौन, आणि वन्स. मी गेले ती खरं सांगायचं तर त्यांची फजिती बघायला.

नागोठण्यावरून एस्टीनं गेलो. मठ म्हणजे कौलारू बैठी इमारत, समोर चिकूची बाग, मागे गोठा. सहा-सात सिस्टर तिथं कायमच्या राहतात, पहाटेपासून ठरलेल्या वेळी त्यांच्या प्रार्थना चालतात. आल्याबरोबर मोबाइल काढून घेतले, प्रत्येकीला एक खोली दिली. खोलीत खाट, टेबल आणि भिंतीवर क्रूस. दाराच्या आतून पाटी होती, "येथे मौन पाळावे". आमच्यासारखी पंधरा-वीस माणसं होती. जेवतानासुद्धा बोलायचं नाही, मीठ हवं असेल तर हातानं खूण करायची. दिवसातून अर्धा तास एका वयस्कर सिस्टरजवळ बसून मनातलं बोलायची मुभा होती, तेवढीच. मला ते वातावरण फार मानवलं. इतक्या शांत वर्गावर मी आयुष्यात कधी गेले नव्हते.

वन्सांचं मौन पहिल्याच दिवशी संध्याकाळी मोडलं. मठाच्या मागे टेकडीवर चढत जाणारी क्रूसाची वाट आहे, येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग ओळीनं लावलेले. सगळे मुकाट्यानं एकेका चित्रापुढे थांबत होते. एका चित्रात क्रूस खांद्यावर घेतलेल्या मुलाला वाटेत आई भेटते. वन्स तिथं थांबल्या, पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही त्याची आय ना गो?" पुढे चालणाऱ्या सिस्टर वळल्या, हसल्या आणि त्यांनी मान डोलावली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वन्स गोठ्यातल्या गाईशी बोलताना दिसल्या. आणि दुपारपर्यंत त्यांनी आपली सोय शोधून काढली होती. स्वयंपाकघराला मौनाचा नियम नव्हता. तिथं जवळच्या आदिवासी वाडीवरची सोमीबाई रांधायला होती. वन्स तिच्यापुढे पाट मांडून मोड आलेले वाल सोलत बसल्या. पंचवीस माणसांच्या बिरड्याचे वाल, म्हणजे दोन तास तरी बोलायची बेगमी. खिडकीतून मला त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी वहीत स्वतःबद्दल काहीतरी उदात्त लिहीत होते.

त्याच दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं, खाटेच्या कडेला बसल्या. हात ओले होते, वालाचा वास येत होता. "वयनी," त्या म्हणाल्या, अगदी हळू, त्यांच्या मानानं, "तुला येक सांगाचा हाय. त्याच्या शेवटच्या दिसाचा." मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोरीला दाखवावं, तसं. त्यांनी लुगड्याला हात पुसले आणि त्या उठून गेल्या.

परतीच्या एस्टीत मी विचारलं, काय सांगायचं होतं म्हणून. त्यांनी पुढच्या-मागच्या माणसांकडे पाहिलं. "हितं नको गो, सगली आयकतान. गावाला येशील तवा सांगन." जाते, जाते म्हणत मी यंदाची होळी चुकवली, चैत्रही घालवला. निवृत्त बाईला कसलं आलंय काम. पण एकदा पापड होते, एकदा पाहुणे होते, एकदा नुसतंच ऊन होतं. मग वैशाखात महेशचा फोन आला.

दिवसकार्य उरकल्यावर मला घरात चैन पडेना. शेवटी गेल्या आठवड्यात मी एकटीच रोह्याची गाडी धरली आणि मठात गेले. त्या वयस्कर सिस्टरना सांगितलं की माझी नणंद वारली, तिला मला काही सांगायचं होतं, तुमच्यापाशी ती काही बोलली असेल तर मला कळायला हवं. सिस्टरनी माझ्यापुढे खुर्ची ओढली. मग म्हणाल्या, इथं कुणी बोललेलं मी सांगू शकत नाही, आणि खरं म्हणजे त्या माझ्याजवळ पाच मिनिटंसुद्धा बसल्या नव्हत्या. "तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन बघा," त्या म्हणाल्या.

सोमीबाईनं मला ओळखलं. वन्स गेल्याचं सांगितल्यावर तिनं हातातला चमचा खाली ठेवला. मग माझ्यापुढे पाट सरकवला आणि वालाची परडी मध्ये ठेवली. मी सोलायला लागले. मला धड सोलता येत नव्हते, वाल बोटांतून निसटून जात होते. मी विचारलं आणि तिनं सांगितलं, सरळ, जसं कानावर आलं तसं.

त्या दुपारी ह्यांची नजर गेली होती. समोरचं काही दिसत नव्हतं. हे सारखे विचारत होते, ती आली का, ती आली का. वन्स म्हणत होत्या, येतेय, येतेय. मग श्वास लागला. "तवा बाईनं हाताला पदर गुंडाळला," सोमीबाई म्हणाली. "तिचा हात मिठाचा, खरखरीत. भावाला लगेच कळला असता. तुमचा मास्तरणीचा हात मऊ. म्हणून पदर गुंडाळला, त्याचा हात धरला आन हलूच म्हनाली, आले मी." ह्यांनी तो हात घट्ट धरला. विचारलं, पेपर सुटला का? वन्स म्हणाल्या, सुटला. त्यानंतर हे काही बोलले नाहीत.

ज्या बाईला हळू बोलता येत नाही म्हणून मी आयुष्यभर कपाळाला आठ्या घातल्या, ती त्या दिवशी माझ्या आवाजात बोलली होती. आपल्या हातांनी वाढवलेल्या भावाचा शेवटचा हात तिनं स्वतःसाठी धरला नाही. मी रडले. सोमीबाई आपलं काम करत राहिली, त्यामुळे मला रडता आलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमी का नव्हता तवा?"

निरोप मिळाला नाही, हे वाक्य बारा वर्षं माझ्या तोंडात तयार होतं. ते मला म्हणवेना. मी तिला खरं सांगितलं, जे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वन्सांनासुद्धा. निरोप मिळाला होता. वन्सांनी नर्सकडून चिठ्ठी लिहवून घेऊन रिक्षावाल्याबरोबर शाळेत पाठवली होती. साडेबाराला ती माझ्या हातात पडली. "लवकर या, बोलावतात." मी वाचली, आणि मनात म्हटलं, झालं, वन्सांनी पुन्हा पर्वत केला. पेपर सुटायला तास होता. वर्ग सोडून जायचा नाही, असा नियम होता. खरं तर मुख्याध्यापकांना एक शब्द सांगितला असता तर त्यांनी दुसरी बाई दिली असती. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. पेपर झाला, उत्तरपत्रिका मोजून, बांधून, सही करून दिल्या आणि मग निघाले. माघात त्या माझ्या खोलीत आल्या तेव्हासुद्धा मी पाटीसाठी बोट ठेवलं नव्हतं. त्या चिठ्ठीचं विचारतील, ही भीती होती. आणि आता त्यांना सांगायची सोयच उरली नाही, असं मी सोमीबाईला म्हणाले.

"ठावं व्हता तिला," सोमीबाई म्हणाली. "रिक्षावाला तवाच सांगून गेलेला, बाईंच्या हातात दिली म्हनून."

बारा वर्षं. ह्यांच्या तेराव्याला मी बायकांना निरोपाची गोष्ट सांगत होते तेव्हा वन्स माझ्या शेजारी बसून पान लावत होत्या. दर वर्षश्राद्धाला कुणीतरी तो विषय काढायचं, मी तेच सांगायची आणि त्या "व्हय गो, नाय मिलाला" म्हणून मान हलवायच्या. मला वाटायचं, त्यांना काही कळत नाही.

"मंग तुमाला सांगाला गेली, तं तुमी बोट ठेवला," सोमीबाई म्हणाली. "हितं येऊन म्हनाली, ऱ्हाऊ दे, घाबरली बिचारी." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. तिनं परडी स्वतःकडे ओढून घेतली, कारण माझ्याच्यानं आता एकही वाल सोलवत नव्हता.