आवाज बंद ठेवून शिकलेला नाच

गेल्या गणपतीत रावेतमधल्या आमच्या सोसायटीच्या स्टेजवर माझ्या मोठ्या बहिणीने गाणं न लावता नाच केला. स्पीकर चालू होते. त्यांवर काही वाजवायचं नाही, असं तिनेच सांगितलं होतं.

हा नाच तिने शाळेत असताना थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांत बसवला. वडील भोसरीच्या एका कंपनीत थर्ड शिफ्टला असत. सकाळी येऊन आतल्या खोलीत झोपत. टीव्ही बाहेरच्या खोलीत होता आणि सुट्टीत केबलवर दिवसभर पॉप गाण्यांचे व्हिडिओ लागत. टीव्ही लावायला परवानगी होती, आवाजाला नव्हती. त्यामुळे ती गाणी आम्ही पाहिली, ऐकली नाहीत. एका गाण्यात चंदेरी सूट घातलेला गायक उंटाच्या डोक्यावर छत्री धरायचा. बसच्या टपावर बायका रांगेने केस विंचरत बसायच्या. त्याच गाण्यात मध्येच सगळे एका फ्रीजमधून बाहेर यायचे आणि नाचायला लागायचे. का, ते कळत नव्हतं. कळायला हवं असं वाटलंही नाही. फ्रीजनंतरचा नाच बहिणीने पूर्ण उचलला. उडी मारली की ती चवड्यांवर उतरायची, फरशी वाजू नये म्हणून.

आता ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गणपतीच्या कार्यक्रमांच्या बैठकीत तिने हाच नाच करणार म्हटल्यावर समितीचे प्रमुख, आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, हसले. असल्या गाण्यांना ते संगीत मानत नव्हते. त्यापेक्षा लावणी करा, असं त्यांनी सुचवलं.

"संगीत कसं होतं ते मला माहीत नाही, भाऊ. मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "नाच चांगला होता."

उंट आणि छत्री एवढ्या खुणेवर त्यांनी मोबाइलवर ते गाणं शोधलं आणि तिथेच लावलं. गाणं संथ निघालं. पडद्यावर दृश्यं भराभर बदलायची, म्हणून गाणंही जलद असणार असं आम्ही धरून चाललो होतो. तिने दोन-चार स्टेप्स करून दाखवल्या, त्या गाण्याच्या दुप्पट वेगात होत्या. प्रमुख म्हणाले, ताई, तुमचं चुकतंय, गाण्यावर बसवा, नाहीतर नाव काढावं लागेल. बसवून बघ, असं मीही सुचवलं. तिने नकार दिला. ज्या गाण्यावर आपण कधी नाचलोच नाही, त्याच्यासाठी पाय बदलणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिचं नाव काढलं गेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी कोळीनृत्याच्या गटाचे कपडे वेळेत आले नाहीत. स्टेज रिकामं राहिलं. बहीण पायऱ्या चढून वर गेली आणि साउंडवाल्याला हाताने नको म्हणून खुणावलं. समोर मंडप भरलेला होता, तिला खाली उतरवणं प्रमुखांना जमण्यासारखं नव्हतं. ते माइकवर सांगू लागले की साउंडमध्ये जरा बिघाड आहे. तिने माइक मागून घेतला.

"बिघाड नाही. पप्पा थर्ड शिफ्टला असायचे. आमच्याकडे ही गाणी अशीच लागायची."

मागून कुणीतरी म्हणालं, आवाज वाढव की राव. हशा पिकला. तिने सुरुवात केली होती. वेग तिचाच होता, उड्या चवड्यांवरच. स्टेजच्या फळ्या वाजल्या नाहीत.

वडील पहिल्या रांगेत बसले होते. ते शेवटपर्यंत जागे होते.