डावा पिस्टन

तिसरा पिस्टन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, खाली इंडियन ग्रोसरीच्या जाहिरातीचा कागद पसरून. बायको चहा गाळत होती. तिने एकदाच वळून पाहिलं.

“परत डावाच का हो?”

डावाच होता. ॲल्युमिनियम खरवडून निघालेलं, रिंगा खाचांमध्ये चिकटून बसलेल्या, आणि डोक्यावर वितळल्यासारखा एक खड्डा. हे दृश्य मी हजार वेळा पाहिलं आहे. एकतीस वर्षं मी एका कंपनीत डिझेल इंजिनांच्या पिस्टनवर काम केलं. मेलेला पिस्टन समोर ठेवला की तो कशाने मेला हे मी सांगायचो आणि चार माणसं वहीत लिहून घ्यायची. आणि इथे माझ्याच घरात तिसऱ्या वर्षी तिसरं प्रेत आलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण माझं पोट दुखत होतं ते पिस्टनमुळे नव्हे, साडूमुळे.

साडू म्हणजे बायकोच्या ताईचे यजमान. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्येच, गाडीने दहा मिनिटांवर राहतात. मी त्यांना डॉक्टर म्हणतो, ते मला इंजिनिअर म्हणतात. माणूस सज्जन आहे. हे मला कोणी सांगायला नको, कारण माझ्या सासरच्या प्रत्येकाने मला ते सांगून झालं आहे. ते भाजीसुद्धा चांगली करतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी विस्कॉन्सिनच्या उत्तरेला एका तळ्याकाठी केबिन घेतली. शेडमध्ये आधीच्या मालकाने सोडलेल्या दोन स्नोमोबाइल होत्या, सत्तरच्या दशकातल्या, एकाच मॉडेलच्या. पुढे बर्फावर घसरायच्या दोन पाट्या, मागे रबरी पट्टा, मध्ये दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन: बर्फावरची मोटरसायकलच म्हणा. डॉक्टर म्हणाले, “यार, मला यातलं काही कळत नाही. तू एक्स्पर्ट. तुला हवी ती तू घे, उरलेली मला.”

मी दोन तास तपासणी केली. एकीचं इंजिन चकचकीत होतं, नवे पिस्टन घातलेलं. दुसरीवर गंज आणि उंदराचं घरटं. मी चकचकीत घेतली. डॉक्टरांनी घरटं काढलं, पेट्रोल घातलं, दोरी ओढली. ती सुरू झाली आणि आजतागायत बंद पडलेली नाही.

माझी पहिल्याच हिवाळ्यात तळ्याच्या मध्यावर जाम झाली. बायको मागे बसली होती. पूर्ण वेगात होतो, एकदम आवाज चढला आणि मग काहीच नाही, फक्त वारा. आम्ही गुडघाभर बर्फातून चालत परत आलो. केबिनच्या पायरीवर बसून बूट काढता काढता ती म्हणाली, “हे मशीन पूर्ण तळं ओलांडून परत येईल ना, तेव्हाच मी तुमच्या मागे बसेन.” रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे, कॅलेंडरवर खूण करावी तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या मागे बसली. ताईचे गुडघे गेलेले, ती खिडकीतूनच हात हलवायची. मागची सीट रिकामी, त्यात गैर काहीच नाही. पण थिजलेल्या तळ्यावर आवाज फार लांबून ऐकू येतो. माझी बायको हसत होती. ती खळखळून हसते तेव्हा डोकं मागे टाकते. माझ्या मागे असती तर मला ते दिसलं नसतं. त्यांच्या मागे होती म्हणून स्पष्ट दिसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पासष्टाव्या वर्षी, लोकरीची माकडटोपी घालून, मी किनाऱ्यावर उभा राहून जळत होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात मी पेट्रोलमध्ये तेल वाढवलं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. पिस्टन खरवडला म्हणजे तेल कमी पडलं, मग घाला जास्त, असा सरळ हिशेब. आपल्याकडे फोडणी करपली की आधी तेलच वाढवतात. पण तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, मिश्रणात हवा जास्त पडते आणि इंजिन आणखी तापतं. हे मला माहीत असायला हवं होतं. दुसरा पिस्टन गेला. बायकोने दोन दिवस तळ्यावर फेऱ्या मारल्या, तिच्या भाऊजींच्या, म्हणजे डॉक्टरांच्याच, मागे बसून.

यंदा जानेवारीत ताईने सांगून टाकलं की केबिन विकायची. गुडघ्यांना तो प्रवास झेपत नाही. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. मला एकदाच, तिला मागे घेऊन, तळं ओलांडून परत यायचं होतं.

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. त्याच महिन्यात आम्ही केबिनवर गेलो, त्या शनिवारी सकाळी डॉक्टर आत उपमा करत होते. मी शेडमध्ये गेलो आणि त्यांच्या मशीनचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, काढून माझ्या मशीनला लावला. माझा त्यांच्या मशीनला. मनाशी म्हणालो, ही टेस्ट आहे. कारखान्यात आपण असंच करायचो, संशयित भाग अदलाबदल करून बघायचो. पण कारखान्यात आपण सांगून करायचो. मला खरं तर टेस्ट नको होती. माझं मशीन पळावं आणि त्यांचं एकदा, फक्त एकदा, बंद पडावं एवढंच हवं होतं.

उपमा खाऊन मी आधी निघालो. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माझं इंजिन जाम झालं, त्यांच्या चांगल्या कार्ब्युरेटरसकट. मी उतरून हुड उघडतो आहे तोवर शेजारून डॉक्टर गेले. मागे माझी बायको. तिने मला हात केला.

ते तळ्याच्या मध्यावर पोचले तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. ज्या कार्ब्युरेटरवर मला संशय होता तो मी तिच्या बुडाखालच्या इंजिनाला लावला होता. पारा शून्याखाली, वारा सुटलेला, आणि डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे. मी ओरडलो. त्यांच्यापर्यंत काही गेलं नाही. मग मी उभा राहून नुसता त्यांच्या इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. ते पलीकडे टोकाला गेले, वळले, परत आले. बायको उतरली, गाल लाल, श्वास लागलेला.

ती सुखरूप आली म्हणून मला रडू यायचं बाकी होतं. आणि माझा कार्ब्युरेटर लावूनही त्यांच्या मशीनला काही झालं नाही म्हणून संतापही आला. दोन्ही एकाच क्षणी. माणूस किती नीच असू शकतो हे मला त्या दिवशी बाहेर कुठे शोधावं लागलं नाही.

दुपारी सगळे जेवून पडले असताना मी कार्ब्युरेटर परत बदलले. माझं मशीन ट्रेलरवर घातलं आणि सोमवारी तिसरा पिस्टन टेबलावर आला.

दोन आठवड्यांनी डॉक्टर माझ्या गॅरेजमध्ये आले. हातात ब्लडप्रेशर मोजायचा जुना पंप, गेज आणि थोड्या रबरी नळ्या. मी म्हटलं, “माझं बीपी घेताय का?”

“तुझं नंतर. इंजिनिअर, मला एक सांग, टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल आधी खाली जातं ना? क्रँककेसमध्ये? मग वर सिलिंडरमध्ये?”

“हो.”

“म्हणजे ती क्रँककेस हे लंग आहे. लंगला लीक असेल तर?”

 डिझेलमध्ये क्रँककेस म्हणजे नुसती तेलाची परात. तिथून गळलं तर गॅरेजच्या फरशीवर डाग पडतो, बाकी काही होत नाही. एकतीस वर्षांत मी खालच्या अंगाला कधी दोषी धरलं नव्हतं. पिस्टन मेला की मी वरच बघायचो.

“आम्ही काय करायचो,” डॉक्टर बोलत होते, “रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी भूल द्यायच्या मशीनची लीक टेस्ट. सर्किट क्लोज करायचं, प्रेशर द्यायचं, काटा पडतो का बघायचं. पडला तर पेशंटला हात लावायचा नाही. मशीन कितीही नवं असू दे.”

आम्ही एक्झॉस्टची दोन्ही तोंडं बंद केली. कार्ब्युरेटरच्या जागी रबरी बूच बसवलं आणि त्यातून नळी घातली. डॉक्टरांनी पंप दाबला. काटा चढला आणि लगेच घसरायला लागला. मी डाव्या बाजूच्या पट्ट्याची पुली काढली आणि तिच्या मागे, जिथे क्रँकची दांडी बाहेर येते तिथे, साबणाचं पाणी मारलं. फेस आला. तिथलं रबरी सील पन्नास वर्षांचं, लाकडासारखं कडक झालेलं. आधीच्या मालकाने पिस्टन नवे घातले होते, सील जुनंच ठेवलं होतं. दोन्ही सिलिंडरच्या क्रँककेस वेगळ्या, म्हणून तिथून फुकटची हवा आत जायची ती फक्त डाव्या सिलिंडरला.

फक्त डाव्या. एकच कार्ब्युरेटर दोन्ही सिलिंडरना पुरवतो. तो बिघडला असता तर दोन्ही पिस्टन गेले असते. दुसऱ्या कोणाचं इंजिन असतं तर मी हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण मला बिघाड शोधायचाच नव्हता. डॉक्टरांकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही, तेवढंच मी शोधत होतो.

“कार्ब्युरेटर नाही हे तर आपल्याला माहीतच होतं,” नळ्या गुंडाळत डॉक्टर म्हणाले.

मी वर पाहिलं.

“माझ्या सगळ्या स्क्रूंवर मी हिच्या नेलपेंटची रेघ मारून ठेवतो. सैल झाला की लगेच दिसतं. त्या दिवशी संध्याकाळी कार्ब्युरेटरच्या रेघा जुळत नव्हत्या.” त्यांनी पंप पिशवीत टाकला. “मी कोणाला बोललो नाहीये. सांगायचं की नाही ते तू ठरव.”

ते रागावले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. पण तेही त्यांनी मला मिळू दिलं नाही.

इंजिन पूर्ण उघडून मी दोन्ही सील बदलली, नवा डावा पिस्टन घातला, पुन्हा लीक टेस्ट केली. काटा हलला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही चौघं केबिनवर गेलो. सकाळी मी एकटा तळं ओलांडून परत आलो. बायको पायरीवर उभी होती. दिलेला शब्द पाळायला ती हेल्मेट घेऊनच आली.

ती बसण्याआधी मी तिला सांगितलं. कार्ब्युरेटर, उपमा, मी का केलं ते, सगळं. इंजिन चालू होतं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं.

“मी त्यावर बसणार आहे हे माहीत असताना?”

“हो.”

तिने केबिनच्या दाराकडे पाहिलं. ती आत निघून जाईल असं वाटलं. तेवढा तिला हक्क होता. मग तिने हेल्मेटचा पट्टा लावला आणि माझ्याजवळ आली.

“मागे सरका.”

मला आधी समजलं नाही. तिने मला खांद्याने ढकललं, पुढे बसली, आणि मी नीट बसायच्या आत निघाली. ती नवशिकी नव्हती. वळणावर अंग कुठे टाकायचं, उंचवट्याआधी वेग कधी सोडायचा, सगळं तिच्या हातात बसलेलं होतं. मी तिची कंबर धरून बसलो. तळ्याच्या मध्यावर, जिथे पहिल्या वर्षी आम्ही उतरून चालायला लागलो होतो, तिथून ती पूर्ण वेगात गेली. डावा सिलिंडर एकसारखा बोलत होता.

पलीकडच्या काठाला तिने थांबवलं. मी विचारलं, “हे कधी शिकलीस?”

“तुम्ही शेडमध्ये होतात तेव्हा.”

कोणी शिकवलं हे मला विचारायचं नव्हतं. मी विचारलं.

“भाऊजींनी,” ती म्हणाली. “दर वर्षी म्हणायचे, आधी त्याला विचार, तो शिकवेल. मी दर वर्षी तुम्हाला विचारायला शेडमध्ये यायचे. तुम्ही मान वर करत नव्हतात.”

तिने स्नोमोबाइल वळवली आणि मी पुन्हा तिला धरून बसलो. परतीच्या वाटेवर ती एकदा हसली. डोकं मागे टाकलं तेव्हा तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला लागलं.