नसलेला मुतखडा

मला मुतखडा कधीच झाला नव्हता.

हे एवढं वाक्य लिहायला मला आज सकाळपासून दुपार झाली. बायकोला हे माहीत नाही, मुलीला नाही. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत अजून मला कुळथाचं कढण प्यायला सांगणारे आहेत, त्यांना तर नाहीच. आणि अनंताला नाही. खरं तर हे सगळं त्याच्यासाठीच आहे — छापून आलं की तो वाचेल, मग काय होईल ते होईल.

अनंता माझा धाकटा भाऊ. राहतो मुलुंडला, एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, आणि सुट्टीच्या दिवशी भजनीबुवा असतो. डबलबारी ऐकलीय कधी? दोन बुवा, दोघांची दोन मंडळं. एकाने गाता गाता टोला हाणायचा, दुसऱ्याने गाऊनच तो परतवायचा. मांडी घालून, पेटीपुढे, तासन्‌तास. आमचे वडील गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे, त्यांना याचा भारी नाद. त्यांचा गळा अनंताकडे गेला. माझ्याकडे फक्त कान आले.

मला जे झालं होतं ती प्रोस्टेटची सूज. थंडी वाजून ताप, लघवीला आग, आणि खुर्चीत टेकलं की खालून ठणका. डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली, जंतू निघाले. मग अँटिबायोटिक, तेही काही आठवडे — बरं वाटलं तरी मध्ये सोडायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. निजताना आणखी एक गोळी, लघवीच्या वाटेचे स्नायू सैल करणारी. ती घेऊन झटकन उभं राहिलं की गरगरायचं. दुखण्यावर वेगळी गोळी. कोमट पाण्याच्या टबात बसायचं. मी सगळं नीट केलं आणि पूर्ण बरा झालो.

घरी सांगितलं, मुतखडा होता. का सांगितलं? मुतखडा म्हटलं की लोक कुळीथ आणून देतात. प्रोस्टेट म्हटलं की? — गालातल्या गालात हसतात. त्या हसण्याला मी घाबरलो.

आणि मग मीच हसलो. तेही सांगतो.

बोरिवलीतल्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी अनंताची बारी होती. पहिला अभंग रंगात आला आणि तो पेटी सोडून उठला. आला, बसला, थोड्या वेळाने पुन्हा उठला. समोरचा बुवा तयारीचा. त्याने तिथल्या तिथे ओळ जुळवली आणि अनंताच्या धावपळीवर अख्खा हॉल हसवला. अनंता दारातून आत येत होता. त्याचा चेहरा... तो का उठतोय, हे त्या हॉलमध्ये कुणाला कळत असेल तर ते मला एकट्याला. आणि मी हसलो. शेजारचे हसत होते म्हणून? नाही हसलो तर कुणाला काही कळेल म्हणून? काहीही म्हणा. हसलो.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला. आम्ही दोघंच गॅलरीत उभे होतो.

“दादा, खरा सांग,” तो म्हणाला. “तुका तेव्हा असाच झाला होता काय रे? माका बसाक मिळत नाय.”

“छे रे, मला मुतखडा होता. तुला उष्णता झाली असेल. पाणी पी भरपूर.”

बस. एवढंच बोललो मी.

तो पाणी पीत राहिला. मग केमिस्टकडून कसल्यातरी गोळ्या आणल्या — चार दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की सोडायच्या, पुन्हा दुखलं की पुन्हा आणायच्या. बारीच्या सुपाऱ्या परत करायला लागला. पेटी कपाटावर गेली. मंडळातली पोरं दुसऱ्या बुवाकडे जाऊन वाजवायला लागली. मी दर रविवारी फोन करायचो, विचारायचो, काय रे, कसं काय? या प्रश्नाइतकं सोपं खोटं दुसरं नसेल.

एका सकाळी त्याच्या बायकोचा, सुनीताचा फोन आला. अंगात ताप, दात वाजतायत आणि लघवी बंद. मी पोहोचेपर्यंत इस्पितळात नळी घालून झाली होती. त्या नळीकडे बघत मी उभा होतो. तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हणालो, “आमच्या ऑफिसातल्या एकाला हेच झालं होतं. त्याचे डॉक्टर चांगले आहेत.”

ऑफिसात असा कुणीच नव्हता.

तिथून सुटल्यावर मी त्याला माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. मला बघताच ते म्हणाले, “अरे, तुम्ही—”

“हा माझा भाऊ,” मी घाईने म्हणालो. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि अनंताची फाइल उघडली. मग त्याला सगळं सावकाश समजावलं. जंतू कुठले ते आधी बघायचं, त्याप्रमाणे औषध, आणि अर्धवट सोडायचं नाही. सोडलं की जंतू सोकावतात. काहींना सूज असते पण जंतू नसतात, तिथे अँटिबायोटिक घेत बसून फायदा नाही, उपाय वेगळे. म्हणून केमिस्टच्या सल्ल्याने काही घ्यायचं नाही.

या वेळी अनंताने एकही गोळी चुकवली नाही. मी फोनवर त्या ऑफिसातल्या माणसाच्या तोंडून धीर द्यायचो — त्यालाही सुरुवातीला गरगरायचं, त्यालाही वाटायचं हे संपणारच नाही. अनंता म्हणायचा, “भला माणूस आसा रे तो.”

हळूहळू ठणका गेला. पेटी खाली आली, मंडळातली पोरं परतली. आणि थंडीत, मुलुंडच्या मैदानात, भर दुपारी, तोच बुवा समोर घेऊन अनंता स्पर्धेच्या बारीला बसला.

काय गायला! पहिल्या आलापाला पखवाजवाला मान डोलवायला लागला. समोरच्याने जुनी धावपळ उकरून काढली, पुन्हा तीच ओळ. अनंताने गाणं थांबवलं, माइक जवळ ओढला आणि साध्या आवाजात म्हणाला, “होय, उठत होतो. प्रोस्टेटला सूज होती. लाजलो आणि अंगावर काढलं. कुणाला असेल तर लाजू नका, डॉक्टरकडे जावा.” मग त्याने गजर असा उचलला की मागे उभे होते तेसुद्धा टाळ्या धरून नाचायला लागले. शेवटपर्यंत तो जागचा हलला नाही. परीक्षकांनी ढाल त्याला दिली तेव्हा समोरच्या बुवाने येऊन त्याला मिठी मारली. सुनीता रडत होती. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

खाली उतरल्यावर माणसांनी त्याला गराडा घातला. काही नुसते अभिनंदन करत होते, काही कानाशी लागून डॉक्टरांचा पत्ता विचारत होते. पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ त्या गर्दीत शिरायला संकोचत होते. ते माझ्याजवळ आले.

“तुम्ही बुवांचे भाऊ ना? तुम्हाला नाही ना कधी झालं हे असलं?”

“नाही,” मी म्हणालो.

अनंताला ते ऐकू गेलं नाही. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, आणि तो ढाल वर धरून गात होता.