खांबाची नजर

मॅचच्या दिवशी माझा भाऊ एकदा ओकतो. ते ठरलेलंच आहे. बादली मीच धरते, पाठ मीच चोळते आणि वर शिव्याही मीच घालते, "एवढा रेड्यासारखा वाढलास, आणि पोटात उंदीर पाळलेत का रे?" मग तो हसतो, चूळ भरतो आणि मी त्याच्या हातांना पट्ट्या बांधायला बसते. पण त्या दिवशी तो सकाळपासून ओकत होता. पोटात काही उरलं नव्हतं तरी बादलीवरून उठत नव्हता, आणि माझ्या तोंडून एकही शिवी निघत नव्हती. कारण संध्याकाळी त्याच्यासमोर खांब उभा राहणार होता.

आधी भावाबद्दल सांगते. फर्निचरच्या दुकानात कपाटं उचलून जिने चढायचं, हे त्याचं काम. आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता, आता मी त्याच्या छातीला लागते. अंगात हत्तीचं बळ, पण घरात झुरळ दिसलं की स्वारी खुर्चीवर. "ताई, मार ना!" म्हणून ओरडतो. असा हा आमचा हेवीवेट! मी दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या. तो बॉक्सिंगला लागला तेव्हा म्हटलं, दुसऱ्या कुणी कशाबशा बांधण्यापेक्षा मीच बांधीन. निदान त्याची बोटं तरी शाबूत राहतील.

आता खांब. हे नाव त्याला रिंगभोवतीच्या लोकांनी दिलं होतं. दिवसा गोदामात पोती उचलायचा, संध्याकाळी माणसं झोपवायचा. तो कधी कुणाला धमकी देत नसे. ओरडणाऱ्याचं मला काही वाटत नाही, गरजेल तो पडेल काय! पण खांब रिंगमध्ये यायचा आणि नुसता उभा राहायचा. उड्या नाहीत, हातवारे नाहीत. पंच दोघांना मध्ये बोलावून नियम सांगत असताना तो समोरच्याकडे बघत राहायचा, आणि त्याची पापणी लवायची नाही. बाजूने कुणी हाक मारली तर मान नाही वळवायचा, जड कपाट फिरवावं तसा सगळाच्या सगळा वळायचा आणि मग बघायचा. चांगले धट्टेकट्टे गडी घंटा व्हायच्या आधीच खाली बघायला लागायचे. एकदा खाली बघितलं की संपलं. तिथून पुढे तो फक्त आडवं करायचं काम उरकायचा.

त्याची बायको कायम त्याच्या डाव्या बाजूने चालायची, दंडाला दंड लावून. लोक हसायचे, "एवढा मोठा खांब, पण बायको नेईल तिकडे जातो." हसायचे अर्थात तो लांब गेल्यावर.

त्याच्याशी आधी जो लढला होता तो लिफ्ट दुरुस्त करायचा. भावाला बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांचाच जुना विद्यार्थी. मी त्याला घरी भेटायला गेले होते. शर्टाचं बटण चिमटीत धरून तो त्याच्याकडे बघत बसला होता. बटण काजात घालायचं असतं हे त्याला कळत होतं, पण त्या मॅचपासून हात ऐकत नव्हते. शेवटी त्याच्या बायकोने लावलं. बोलला तेही जीभ जड झाल्यासारखं. त्या दिवसापासून मी भावाला सकाळी शर्टाची बटणं लावताना बघत उभी राहायची. तो विचारायचा, "काय गं?" मी म्हणायची, "काही नाही, लाव."

आमच्या या धंद्यात एक रीत आहे. हाताला पट्टी बांधताना आत काही टणक दडवलं जाऊ नये म्हणून समोरच्या बाजूचं एक माणूस येऊन ते बघतं. आमच्याकडून मीच जायची. आणि त्यातून आमच्या दोघांचा एक खेळ तयार झाला होता. परत आले की भाऊ विचारायचा, "काय सापडलं?" मग मी त्या माणसाची एक खोड सांगायची. एकाचं बनियन उलटं होतं. एक एवढा पहिलवान, पण फोनवर आईला "हो गं, जेवलो गं" करत होता. एकाच्या टाचेला भोवरी होती आणि तो लंगडत होता. एवढं ऐकलं की भावाची भीती पळायची. "म्हणजे माणूसच आहे," असं म्हणून तो ग्लोव्हज मागायचा.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा त्याने माझा हात धरला. हात बर्फासारखा गार होता. "ताई, काहीतरी शोधून आणच," म्हणाला. सर भिंतीला टेकून उभे होते, ते माझ्याकडे बघेनात.

खांबाची खोली बोळाच्या दुसऱ्या टोकाला होती. दार मला दोनदा वाजवावं लागलं, पहिल्यांदा मलाच ऐकू आलं नाही, खोटं कशाला बोलू! आत तो खुर्चीत बसला होता आणि बायको समोर स्टुलावर बसून त्याचा उजवा हात बांधत होती. पाण्याची बाटली, टॉवेल, ग्लोव्हज, सगळं त्याच्या उजव्या अंगाला नीट मांडलेलं. मी डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तो हळूहळू सगळाच्या सगळा माझ्याकडे वळला.

"बसा ना, ताई," तो म्हणाला. "उभ्या का?"

आवाज इतका मऊ होता की माझ्या अंगावर काटा आला. शिवी दिली असती तर मी चार सुनावल्या असत्या. गोड बोलणाऱ्याला काय सुनावणार? मी मुकाट्याने बसले. त्याच्याकडे बघवेना, म्हणून पट्टीकडे बघत राहिले. बांधत होती मात्र छान. मनगटाला वेढे, बोटांच्या बेचक्यांतून वेढे, कुठे सुरकुती नाही. उलटं बनियन नाही, भोवरी नाही. मी रिकाम्या हाताने परत जाणार होते.

मग तिने डावा हात घेतला. बांधून झाल्यावर वरून लावायला चिकटपट्टी ओढून फाडली, आणि फाटलेलं टोक सटकन उसळून त्याच्या तोंडावर गेलं. डाव्या डोळ्याला लागता लागता राहिलं. मी दचकून माझेच डोळे मिटले.

त्याची पापणी हललीसुद्धा नाही.

पापणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही हो! माणूस कितीही शूर असो, डोळ्याशी काही आलं की ती मिटतेच. मी मान वर केली आणि पहिल्यांदा त्याच्या डाव्या डोळ्याकडे नीट बघितलं. दवाखान्यात असे डोळे मी पाहिलेत. वरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्या मागे घरात कुणी नसतं.

"ताई," बायको म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. चिकटपट्टीचं टोक तिने त्याच्या मनगटावर दाबून बसवलं. "पट्टी बघायला आलात ना? मग पट्टी बघा."

मॅचचा अधिकारी आला, पट्टीवर सही करून गेला. मीही उठले. बोळात आले आणि भिंतीला हात टेकून उभी राहिले. मनात काय आलं सांगू? आनंद झाला. माझा भाऊ वाचला, एवढंच डोक्यात. खांब डावीकडून आंधळा आणि भावाचा उजवा हात म्हणजे हातोडा, आणि तो बरोबर तिथेच बसतो. मी जवळजवळ पळतच खोलीत गेले.

"काय सापडलं?" भाऊ बादलीवरून उठला.

मी सांगितलं. डावा डोळा गेलाय, पार गेलाय, त्या बाजूने आलेलं काही दिसत नाही.

सरांनी टाळी वाजवली. "अरे, मग झालं की! त्याच्या डाव्या अंगाला फिरत राहा आणि उजवा सोड. त्याला कळणारसुद्धा नाही कुठून आला!" सरांचा आवाज चिरकला होता. त्या लिफ्टवाल्याच्या घरी ते दर आठवड्याला जायचे, त्याची दाढी करून द्यायला. त्यांना तरी कसा दोष देऊ?

भावाने आपली उजवी मूठ वर धरली. मी बांधलेली पट्टी, पांढरीशुभ्र. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा मघापेक्षाही उतरला.

"त्याला येताना दिसणारच नाही," तो म्हणाला. "मान तरी वळवतो ना गं माणूस, थोडी तरी? तो तीही वळवणार नाही."

"तुझी मान मोडायला बघतोय तो!" सर ओरडले.

"ताई, मला त्याची भीती वाटत होती, तोपर्यंत ठीक होतं. आता या हाताची वाटतेय." त्याने ती मूठ माझ्यापुढे धरली. "माझ्याच्याने मारल्याशिवाय राहवणार नाही. समोरून मार खाताना कोण थांबतं? मी मारीन. आणि तो शर्टाचं बटण धरून बसेल."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हा राक्षस त्याच्याच मनगटाला लटकला होता. मी म्हटलं, "मी डॉक्टरांकडे जाते." सर दारात आडवे आले. "तोंड बंद ठेवा. त्याने माझ्या पोराला जन्माचा अधू केला, तेव्हा गेलं होतं का कुणी डॉक्टरकडे?" "नव्हतं गेलं," मी म्हटलं, "म्हणूनच सरका." ते क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग सरकले.

डॉक्टर बोळाच्या मधोमध टेबल टाकून बसले होते. खांबाला त्यांनीच दुपारी तपासून ठीक म्हटलं होतं. मी विचारलं, "त्याचा डावा डोळा बघितलात?"

"बघितला की."

"नीट?"

ते मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "खरं सांगू का? तो असा रोखून बघतो की आपणच दुसरीकडे बघतो." आणि टॉर्च घेऊन उठले. मला हसू आलं नाही. मीही तेच केलं होतं. सगळेच तेच करत होते, आणि त्याच्या बायकोचा सगळा डोलारा त्यावरच उभा होता. ज्याच्या डोळ्यांत बघायची कुणाची छाती नाही, त्याचा एक डोळा गेलाय हे कळणार कुणाला?

थोड्या वेळाने मॅच रद्द झाल्याची बातमी आली. पलीकडून खांबाच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. अधूनमधून शब्दही. "आता घरी पोरीला काय सांगू?" आणि मग, "त्या मेलीचं कधी भलं होणार नाही." ती मेली म्हणजे मी. भाऊ आंघोळीला गेला, सर बाहेर निघून गेले. मी एकटीच पट्ट्या गुंडाळून पिशवीत भरत होते.

आणि दारातला उजेड गेला.

खांब उभा होता. त्याचा डावा खांदा चौकटीवर आपटला, पण तो थांबला नाही, आत आला. हातांना पट्ट्या तशाच होत्या. मी मागे सरकत सरकत भिंतीला चिकटले. हातात कात्री होती, ती कशी धरायची हेही सुचेना. त्याचा एक हात पडला असता तरी मी संपले असते.

तो खोलीभर बघत होता. रिकामी खुर्ची, बादली, पिशवी. "ताई?" त्याने हाक मारली.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. त्याच्या डाव्या बाजूला.

त्याला मी दिसत नव्हते. श्वास रोखून उभी राहिले असते, तर तो वळून निघून गेला असता. एवढा मोठा माणूस, आणि मी पुढे होऊन कात्री खुपसली असती तरी त्याला कळलं नसतं. हे माझ्या डोक्यात आलं आणि मला त्याच्याऐवजी त्याच्यासाठीच भीती वाटली.

"इकडे," मी म्हटलं. "तुमच्या डावीकडे."

तो दचकला. सगळाच्या सगळा वळला आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "हे सोडता का? तिला नाही जमत आता."

मी त्याला खुर्चीत बसवलं. पट्टीखाली कात्री घातली आणि मनगटापासून कापत गेले.

"तुमचा भाऊ घाबरला होता का मला?"

"सकाळपासून ओकत होता."

त्याने मान हलवली. "मीपण. ती बादली धरते. कुणी यायच्या आत धुऊन ठेवते." मग म्हणाला, "डावीकडून काय येईल ते कळायचं नाही ना, ताई. म्हणून समोर बघत राहायचो. समोरच्याने खाली बघितलं की जरा जिवात जीव यायचा."

दोन्ही हात मोकळे झाले. त्याने बोटं उघडली, मिटली. मग उठला, दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला. बाहेर बोळ माणसांनी भरला होता. मॅच का रद्द झाली ते कुणालाच माहीत नव्हतं. तो दिसताच सगळ्यांची कुजबूज बंद झाली आणि माणसं दोन्हीकडच्या भिंतींना चिकटली. त्याची बायको कुठे दिसत नव्हती.

मी पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, दंडाला दंड लावून. त्याने चाचपडत माझी बाही धरली. समोर नजर रोखून तो निघाला, आणि एकेक माणूस खाली बघत गेला.

"ताई," तो ओठ न हलवता म्हणाला, "डावीकडे कोण आहे?"

"मीच आहे," मी म्हटलं. "चला."